परिचयातली पहिली ओळ

‘तेल्हारा तालुक्यात एक महाविद्यालय होतं. मी प्राचार्य असताना ते बंद झालं. मी बंद केलं.’

देवदान सरांनी स्वतःच्या परिचयाची सुरुवात अशी करून दिली होती. ती मी काढून टाकली. हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगू असं ठरवलं, तर शेवट येईपर्यंत मी काहीतरी निमित्त काढीन आणि सांगणार नाही. मला माझी सवय माहीत आहे.

मी अमरावतीला एका ख्रिस्ती संस्थेच्या विद्यापीठात नोकरी करतो. तिथं पीएच.डी.चा एक अभ्यासक्रम चालतो, ‘उच्च शिक्षणातील नेतृत्व’ नावाचा. त्याचे विद्यार्थी म्हणजे पोरंसोरं नव्हेत. कुणी प्राचार्य, कुणी उपप्राचार्य, कुणी कुलसचिव, एखादी नर्सिंग कॉलेजची मॅट्रन. वाशीम, यवतमाळ, बुलढाणा, कुठून कुठून शनिवारी येतात आणि बाकावर बसले की शाळेतल्या पोरांसारखेच मागच्या रांगेकडे धावतात. मी समन्वयक. वेळापत्रक, हजेरी, चहा, प्रबंधांचे गठ्ठे, आणि शिकवणाऱ्यांचे परिचय, ही माझी कामं. परिचय माहितीपुस्तिकेत छापायचे, वेबसाइटवर टाकायचे आणि चौकटीत घालून दालनातल्या भिंतीवर टांगायचे.

त्या भिंतीवर एक माजी कुलगुरू होते, त्यांच्या परिचयात इमारतीच इमारती. एक मॅडम परदेशात शिकवून आलेल्या, त्यांच्या परिचयात देशच देश. आमचे संचालक रेव्हरंड साहेब, त्यांच्या परिचयात शाळा, वसतिगृह, दवाखाना, सगळं वाढत गेलेलं. वर्षानुवर्षं हे परिचय मी नीटनेटके करत आलो. त्यांत कुणीही कधी काही बंद केलेलं नव्हतं, कुणाच्या हातून काही बुडालेलं नव्हतं. इतक्या कर्तबगार माणसांच्या हाती असूनही आपल्याकडची कॉलेजं अशी का, हा प्रश्न मला पडला नाही. परिचय लिहिणाऱ्याला असे प्रश्न पडून चालत नाही.

देवदान शलोमोन खंडारे. निवृत्त प्राचार्य, इतिहासाचे डॉक्टर, राहणार अकोला. आमच्याकडे दरवर्षी नव्यानं नेमणूक होणारे, म्हणजे कधीही नको म्हणता येण्यासारखे.

सर शनिवारी सकाळी अकोल्याहून एसटीनं यायचे आणि उभ्यानं यायचे. गाडी रिकामी असली तरी. पहिल्यांदा मी त्यांना बस स्टँडवर घ्यायला गेलो तर कंडक्टरच माझ्याकडे तक्रार घेऊन आला, “साहेब, तुमचे पाहुणे आहेत काय हे? जागा असून बसत नाहीत. बाकीच्या प्याशिंजरांले वाटते, शीट तुटली हाय.” मी सरांना विचारलं. ते म्हणाले, “बसलो का डोळा लागते. डोळा लागला का मंग तेच तेच सपन पडते. त्यापरीस उभा बरा.” कोणतं स्वप्न, ते मी विचारलं नाही. पुढं ते वर्गात कळलं.

खुर्चीचा उपयोग त्यांना पिशवी ठेवायला. रेक्झिनची काळी पिशवी, तिचा एक बंद तुटला तिथं बुटाची नाडी बांधलेली. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात भाजलेल्या शेंगा. वर्गात बाकांच्या मधून फेऱ्या मारत शिकवायचे, त्यामुळे वर्गाची मान सारखी फिरत असे. सूचनाफलक दिसला की थांबून सगळ्या सूचना मोठ्यानं वाचायचे, आणि वाचता वाचता शेरे मारायचे. “सर्वांनी सहकार्य करावे. बरं. कोणतं?” एवढंच. पण ऑफिसातला बाबू ती सूचना दुपारपर्यंत बदलून लावत असे.

माणूस गोड नव्हता. हे लिहायलाच हवं, नाहीतर मीही पुन्हा परिचयच लिहिला असं होईल. प्रबंधाची प्रकरणं परत करताना समासात ‘हे तुमाले कसं माहीत?’ एवढंच लिहायचे, आणि ते पानोपानी. माजी कुलगुरू साहेबांच्या व्याख्यानाला दारात उभं राहून दोन्ही हातांनी शेंगा सोलायचे. रेव्हरंड साहेबांनी एकदा चॅपेलमध्ये समारोपाची प्रार्थना सांगायला लावली. सर उठले, “प्रभू, आमाले खरं बोलाले शिकव, अन् आमचा माइक जरा बिघडू दे. आमेन,” म्हणाले आणि चालायला लागले. रेव्हरंड साहेब हसले. ते फार चांगले हसतात. पण त्या दिवशी हसून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं.

पहिल्या तासाला परिचयाचा कार्यक्रम असतो. मी हजेरीसाठी मागं बसलो होतो. एकेक जण उठून सांगत होता. नाव, पद, किती वर्षं, कोणता पुरस्कार, संस्थेला कोणता दर्जा मिळवून दिला. सर खिडकीशी उभे राहून ऐकत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, “झाले का सत्कार? आता आमच्यातली एक पद्धत सांगतो.”

ख्रिस्ती घरांतल्या प्रार्थनासभेत साक्ष देण्याची चाल आहे. कुणीही उठून उभं राहायचं आणि देवानं आपलं काय भलं केलं ते चारचौघांत सांगायचं. सर सांगू लागले, “माझी माय गावोगाव बायबल सांगत फिरे. आमच्या घरच्या सभेत लोक उभे राहत. कोणाले नोकरी लागली, कोणाचा ताप उतरला, कोणाची म्हैस व्याली. साऱ्यायचं चांगलंच. एक दिवस माय मधातच बोलली, ‘ज्याची म्हैस मेली तो काहून उभा राहत नाही?’ मले ते अजून ऐकू येते.”

मग त्यांनी फेरी मारली आणि नियम सांगितले. दर शनिवारी एकानं उभं राहायचं. आपण पदावर असताना आपल्या हातून संस्थेत काय बिघडलं ते सांगायचं. कुणाचं नुकसान झालं त्या माणसाचं नाव घ्यायचं. “‘विद्यार्थ्यांचं’ असं नाही चालत. एकाचं नाव. तोंडानं घ्या.” आणि शेवटचा नियम, त्यावर ते फार अडून बसायचे. दुसऱ्याची साक्ष द्यायची नाही. “अध्यक्षानं असं केलं, सचिवानं तसं केलं, हे मले नको. ते त्यायचं हाय. ते सांगतीन तवा सांगतीन. तुमी तुमचं सांगा.”

“सर, आधी तुम्ही सांगा,” मागून एक प्राचार्य म्हणाला. टोमणाच होता. वाशीमकडचा, गुबगुबीत, गळ्यात सोन्याची साखळी घातलेला, बोलताना पोटावर हात फिरवणारा माणूस.

“सांगतोच ना बाप्पा. तवाच त म्हणलं.”

तेल्हाऱ्याच्या पुढं, कपाशीच्या वावरांच्या मधोमध एक लांबट इमारत. कला आणि वाणिज्य. सर तिथं प्राचार्य झाले तेव्हा पोरं होती, पुढं ती अकोटला, अकोल्याला जायला लागली. वर्ग रिकामे पडले. संस्थाचालकांना कॉलेज कागदावर चालू ठेवायचं होतं. न येणाऱ्या पोरांची नावं पटावर, त्यांची हजेरी लावलेली, प्राचार्यांनी फक्त सही करायची. सरांनी सही केली नाही. वरती खरं काय ते कळवून टाकलं. कॉलेजची मान्यता गेली.

एवढं झाल्यावर कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सरांनी इतक्या जोरात टेबलावर हात मारला की पिशवी खुर्चीवरून खाली पडली.

“टाळ्या काहाले? माझं झालं नाही अजून. त्या पटावर खोट्या पोरायच्या मधात काही खऱ्या पोट्ट्या बी होत्या ना. एक होती, मनीषा गावंडे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाले. तिच्या गावाले एक गाडी येते अन् तेच गाडी जाते. आमचं कॉलेज तिले पायी जमे. अकोट नाही जमलं. बाप म्हणे, झालं तितलं पुरे. मी गेलो ना समजवाले. बाप बाहेर निंघून गेला. ते पोट्टी आली, पाण्याचा गिलास ठेवला, अन् म्हणे, ‘सर, तुमी सही केली असती त मी पास झाली असती.’”

सर थांबले. ते थांबले की वर्गाला कसंतरी व्हायचं, कारण थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“मी म्हणलं, हो. दुसरं काय म्हणू? खोटं नव्हतं ना ते. सपनात ते गिलास ठेवते अन् उभी राहते. मी बरोबर होतो का चूक होतो, ते तुमी ठरवू नका. मले नाव घ्याचं होतं, घेतलं. मनीषा गावंडे. आता कोण?”

कोणीच उठलं नाही. पुढच्या शनिवारी तो वाशीमचा प्राचार्य उठला. म्हणाला, “माझा मोठा दोष म्हणजे सर, मी कामात इतका बुडून जातो की घराकडं दुर्लक्ष होतं.”

“हा दोष नाही, हे तुमची जाहिरात हाय. बसा.”

वर्ग हसला. तो माणूस लाल झाला, बसला. दुपारी चहानंतर, कुणी सांगितलं नसताना, पुन्हा उठला. या वेळी पोटावर हात नव्हता. त्याच्याकडं एक तरुण प्राध्यापिका होती, दिवस राहिलेले होते, नोकरीत कायम करायची वेळ आली तेव्हा यानं नियमात बसत नाही म्हणून सांगितलं. “नियमात बसत होतं, सर,” तो म्हणाला. “मलाच कटकट नको होती. तिचं नाव सुषमा ढोले.” खाली बसून त्यानं रुमाल काढला. सरांनी येता येता खिशातल्या मूठभर शेंगा त्याच्या पुढ्यात ठेवल्या आणि पुढच्या बाकाकडं गेले. याहून मोठं कौतुक त्यांच्याकडून कुणाला मिळालेलं मी पाहिलं नाही.

चुकतही असत. एका मॅट्रनच्या मागं ते असे लागले की, “नाव घ्या, नाव घ्या,” करत तिला रडवलं. तिच्या वॉर्डात गेलेलं एक लेकरू होतं, नाव तिला उच्चारवत नव्हतं. ती वर्गातून निघून गेली. पुढच्या शनिवारी सर आले ते पिशवीसुद्धा न ठेवता उभे राहिले. “मागच्या खेपेले माझ्या हातून बिघडलं. मी नियमाच्या पायी माणूस पाह्यला नाही. नाव, सिस्टर मार्था पवार.” ती बाई दुसऱ्या रांगेत बसली होती. तिनं मान हलवली. शिकवायला पुढं सुरुवात झाली.

त्या वर्गाचं मला वेड लागलं होतं, हे कबूल करतो. मी हजेरी घेऊन निघून जायला हवं होतं, तरी बसून राहायचो. एकदा जिन्यात सर म्हणाले, “राऊत, गड्या, तू दर शनिवारी येऊन बसते. तू कवा उभा राहाशील?”

“मी कुठं प्राचार्य आहे सर? मी कारकुनी करतो.”

“कारकुनी कोणाच्या नुकसानीशिवाय होते काय?”

मी हसलो. आम्ही गिला वडा खायला गेलो. तोही त्यांनी उभ्यानंच खाल्ला, द्रोणातलं दही शर्टावर सांडलं.

आता माझ्याकडं येतो.

अभ्यासक्रमाच्या मान्यतेचं नूतनीकरण होतं. बाहेरून तपासणी समिती येणार होती. अध्यापकांची पार्श्वभूमी हा त्यांच्या तपासणीचा मोठा भाग, म्हणून सगळे परिचय नव्यानं छापायचे ठरले. रेव्हरंड साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्यापुढं सरांचा परिचय होता. पहिल्या ओळीवर त्यांनी चष्म्याची काडी ठेवली. “राऊत, हे जरा बघा.”

एवढंच म्हणाले. काढा म्हणाले नाहीत. मी नंतर कितीतरी वेळा त्या वाक्यावर सगळं ढकलून पाहिलं, पण ते वाक्य तेवढं वजन घेत नाही. मी जागेवर आलो, ती ओळ काढली आणि तिथं लिहिलं, ‘ग्रामीण भागातील महाविद्यालयाचे दीर्घकाळ यशस्वी नेतृत्व.’ लिहून झाल्यावर ते मला चांगलंही वाटलं. सरांचं भलंच करतोय असं वाटलं. छापण्याआधी प्रत्येकाला त्याचा परिचय दाखवायची आमची रीत आहे. बाकी सगळ्यांना दाखवला. सरांना दाखवला नाही. म्हणजे मला कळत होतं.

समिती आली. अध्यापक एका बाजूला, समिती दुसऱ्या बाजूला, मी भिंतीशी फाइली घेऊन. सर बसले होते. त्या दिवशी बसले होते, रेव्हरंड साहेबांनी हात धरून बसवलं होतं. समितीतल्या एका गृहस्थांनी कागद चाळत सहज विचारलं, “खंडारे सर, तुमच्या त्या ग्रामीण महाविद्यालयात आता विद्यार्थिसंख्या किती आहे?”

“एक बी नाही. बंद हाय ते. मीच बंद केलं.”

“पण इथं तर यशस्वी नेतृत्व लिहिलंय.”

सरांनी हात पुढं करून कागद मागितला. वाचला. त्यांच्या सवयीप्रमाणं मोठ्यानं वाचला, पण शेरा मारला नाही. मग मान वर करून सरळ माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. वर्गात कुणीतरी उठायची वाट पाहताना बघायचे, तसं.

“हे कोणी लिहिलं?” रेव्हरंड साहेबांनी विचारलं. समितीकडं बघत विचारलं.

मी म्हणालो, “अध्यापक आपापली माहिती स्वतः देतात, साहेब.”

वाक्य खरं होतं. शब्दन् शब्द खरा. अशी वाक्यं करण्यातच माझं आयुष्य गेलं आहे.

सर एका शब्दानं सांगू शकले असते. त्यांनी दिलेला हातानं लिहिलेला कागद माझ्या कपाटात होता, तो मागितला असता तरी पुरे होतं. ते बोलले नाहीत. आणि ते बोलणार नाहीत हे मला ठाऊक होतं. दुसऱ्याची साक्ष द्यायची नाही, हा नियम मी मागच्या बाकावर बसून इतक्यांदा ऐकला होता. त्या नियमाच्या आडोशाला मी उभा राहिलो. माझ्या पापातला सगळ्यात घाण भाग हा आहे. ओळ खोडणं नव्हे.

अहवालात आलं की एका अध्यापकाच्या माहितीत विसंगती आढळली. अभ्यासक्रमाला मान्यता मिळाली. पुढच्या सत्रात सरांची नेमणूक झाली नाही. ते पत्र मीच टाइप केलं. भिंतीवरची त्यांची चौकट उतरवली आणि बाकीच्या चौकटी थोड्या थोड्या सरकवून जागा भरून काढली, तेही मीच. शनिवारचा तो तास परदेशात शिकवून आलेल्या मॅडम घेऊ लागल्या. त्या चांगल्या शिकवतात. अमेरिकेतल्या विद्यापीठांची उदाहरणं घेतात. कुणाला उभं राहावं लागत नाही.

मला मात्र बसवेना. घरी जेवताना मधेच उठायचो. बायको म्हणाली, “तुम्हाला झालंय तरी काय? नांदगाव पेठेच्या कापडमिलमधलं मशीनही घटकाभर थांबते.” तिलाही सांगितलं नाही. असे काही महिने गेले आणि एका रविवारी मी अकोल्याची गाडी धरली.

सरांचं घर रेल्वेलाइनीच्या पलीकडं, भाड्याचं. दार त्यांच्या मिसेसनी उघडलं. “या भाऊ. ते अंगणात आहेत. आता शनिवारचे सुद्धा अंगणातच चालतात. माती पार दगडासारखी करून टाकली.” हे त्या हसून म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

सर खरंच फेऱ्या मारत होते. मला पाहून थांबले नाहीत, म्हणून मीही त्यांच्या बाजूनं चालू लागलो.

“सर, मला तुम्हाला काही सांगायचंय.”

“मले? मले काहून? मी तिथंच होतो ना गड्या. मले माहीत नाही असं काय हाय त्याच्यात?”

“माफी मागायची आहे.”

“ते माफीचं आपण पाहू. ते सोपं हाय, आमच्या धर्मात त लयच सोपं करून ठेवलं.” अंगणाच्या टोकाला वळून ते म्हणाले, “जिथं झालं तिथं सांग.”

“माझी नोकरी जाईल, सर.”

“जाईन का नाही, मले नाही सांगता येत.” दोन पावलं पुढं गेल्यावर म्हणाले, “माझी गेली.”

त्यात टोचणी नव्हती. हवापाण्याबद्दल सांगावं तसं म्हणाले. नंतर मला बस स्टँडवर सोडायला आले, कचोरी खाऊ घातली, मिरची माझ्या हातात दिली, म्हणाले, “खा. रडू आलं त मिरचीच्या नावावर जाते.” गाडी सुटायच्या वेळी फलाटावरची वेळापत्रकाची पाटी मोठ्यानं वाचत होते.

त्यानंतरही मी कितीतरी शनिवार जाऊ दिले. कधी परीक्षा होत्या, कधी साहेबांची तब्येत ठीक नव्हती. मी निमित्तांचा माणूस आहे. अखेर एका शुक्रवारी सरांना फोन केला, “उद्या सांगतो.” “बरं,” म्हणाले, आणि फोन ठेवला.

शनिवारी मॅडमकडून तासातला थोडा वेळ मागून घेतला. कशासाठी ते सांगितलं नाही. रेव्हरंड साहेबांना निरोप दिला, ते पुढच्या रांगेत येऊन बसले. नवे विद्यार्थी होते, त्यांना साक्ष वगैरे काही ठाऊक नव्हतं. मी मागून उठून पुढं गेलो तेव्हा त्यांना वाटलं, वेळापत्रकाची सूचना आहे. दोघांनी पेनंही काढली.

मी सांगितलं. ओळ काय होती, मी काय लिहिलं, समितीत काय म्हणालो, आणि ते गप्प राहतील हे ठाऊक असल्यानं म्हणालो. बोलता बोलता खिडकीकडं नजर गेली. बाहेरच्या व्हरांड्यात सर उभे होते, खांद्याला काळी पिशवी. आत आले नाहीत. मी त्यांच्याकडं बघत नाव घेतलं. “देवदान शलोमोन खंडारे.”

कुणीतरी एकानं पेन खाली ठेवलं, त्याचा आवाज आला. रेव्हरंड साहेब या वेळी हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, “राऊत, सोमवारी ऑफिसात या.” मॅडमनी मला पाणी दिलं. खिडकीत पाहिलं तर सर नव्हते.

मी धावत खाली आलो. दालनात नव्हते, फाटकात नव्हते. ऑटो करून बस स्टँड गाठला. अकोल्याची गाडी लागलेली होती. अर्धी रिकामी, आणि मधल्या रांगेत दांडी धरून ते उभे. मी खिडकीशी गेलो. दम लागला होता.

“सर, झालं. सांगितलं मी.”

“ऐकलं ना. चांगलं बोलला. जरा लांबवलं.” खिशात हात घालून त्यांनी शेंगा काढल्या, खिडकीतून माझ्या ओंजळीत टाकल्या. मला वाटलं, संपलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं काहीतरी उतरलं, असं त्या क्षणी मला खरंच वाटलं.

“बाबा, जागा हाय ना, बसा,” कंडक्टर मागून म्हणाला आणि घंटी मारली.

सर वाकले. खिडकीच्या गजाशी तोंड आणून म्हणाले, “एक सांग राऊत. वर्गात आता मनीषाचं नाव कोण घेते?”

ती पहिली ओळ कुणासाठी होती, हे मला तोवर कळलंच नव्हतं. मी सरांचं नुकसान मोजत बसलो होतो.

“कोणी नाही, सर.”

त्यांनी मान हलवली. बरोबर उत्तर दिलेल्या विद्यार्थ्याकडं बघून हलवायचे, तशी. गाडी हलली, फलाटावरून वळली, मूर्तिजापूरच्या दिशेनं निघाली. मागच्या काचेतून पांढरा शर्ट दिसत राहिला. आजूबाजूच्या जागा रिकाम्या होत्या. सर उभे होते.